पाव्हणं, पॅड कडकच घ्या

मेव्हण्याला पुण्यात पार्किंग मिळत नाही, म्हणून त्याची मोटो गुझी मोटरसायकल माझ्या कोल्हापुरातल्या, राजारामपुरीच्या घरी असते. १९७५ सालची ८५० टी३, थेट इटलीची. चालवतो तो, सणासुदीला आला की. धुतो-पुसतो मी, आणि 'किती देती?' या प्रश्नाला उत्तर देतो तेही मीच. गल्लीतल्या पोरांनी पहिल्या दिवशी तिची चेन शोधली. चेन नाही, शाफ्ट आहे म्हटल्यावर एकानं कळवळून विचारलं, "मग पळती कशी?"

या गाडीला ब्रेकच्या डिस्क तीन. पुढं दोन, मागं एक, तिन्ही बिडाच्या. पायातला ब्रेक दाबला की मागच्या डिस्कबरोबर पुढचीही एक धरते. हातातल्या ब्रेकच्या वाट्याला उरलेली एकच. हे मेकॅनिकला सांगितलं की तो "म्हंजे पायानं फुडचा लागतो?" असं पुन्हा पुन्हा विचारतो आणि गाडीपासून जरा लांब उभा राहतो.

बीड म्हटलं की गंज आलाच. आपल्याकडच्या जुलैत गाडी रात्रभर बाहेर राहिली की सकाळी तिन्ही डिस्क केशरी. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, गल्लीच्या टोकापर्यंत दोन-तीनदा ब्रेक मारला की डिस्कला दोन्हीकडून चिमटणारे पॅडच सगळं पुसून काढतात. मला हे माहीत आहे, मेव्हण्याला माहीत आहे. सासऱ्यांना मात्र बघवत नाही. मामांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये गेली. मशीनिंग झालेलं बीड कोरडं ठेवायचं नाही, वरून तेलाचा हात फिरवायचा, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. मुक्कामाला आले, पहाटे उठले, डिस्क बघितल्या आणि मी चहाला येईपर्यंत तिन्हींवर इंजिन ऑइलचा बोळा फिरवून हात धुऊन मोकळे झाले होते. वर मलाच, "पाव्हणं, लोखंडाची कदर न्हाई तुमास्नी." सासूबाईंनी लगेच बिडाच्या तव्याचा दाखला दिला. तोही त्या तेल लावूनच ठेवतात.

तव्याला ब्रेक नसतो, हे जावयानं सासूला सांगायचं नसतं.

डिस्क पेट्रोलनं पुसून साफ झाल्या. पॅडचं तसं नसतं. त्यात तेल मुरतं आणि ब्रेक तापला की हळूच बाहेर येतं. "गॅसवर भाजलं की जातंय," म्हणत मामांनी एक पॅड सांडशीत धरून शेगडीवर नेला. कडेनं आधी तपकिरी बुडबुडे आले, मग निळसर धूर आला, मग माझी बायको आली.

म्हणजे पॅड नवेच घेणं आलं. एका डिस्कला दोन, असे सहा.

"एचएच घ्या," स्पेअर पार्टवाला म्हणाला. "डबल एच. ह्याच्या वर काय न्हाई." पॅडच्या पाठीवर जी दोन अक्षरं असतात ती पकडीची. पहिलं पॅड थंड असतानाचं, दुसरं तापल्यावरचं. एफपेक्षा जी वरचा, जीपेक्षा एच. एचएच बहुतकरून सिंटर्ड असतात, म्हणजे धातूची पूड दाबून भट्टीत पक्की केलेले. स्टेनलेसच्या डिस्कला ते झकास. गंज दिसू नये म्हणून जपान्यांनी स्टेनलेसच्या डिस्क आणल्या खऱ्या, पण सत्तरच्या दशकात पावसात त्यांचा ब्रेक दाबला की तो आधी विचार करायचा आणि मग लागायचा. ती खोड पुढं सिंटर्ड पॅडनी मोडली. बिडाला ही खोडच नाही, ते ओलं असतानाही धरतं. त्याला साधा ऑरगॅनिक पॅड पुरतो, तंतू आणि रेझिनचा, मऊ. त्यावर सिंटर्ड घातला तर पॅड शाबूत आणि डिस्क झिजते, आणि पन्नास वर्षांपूर्वीची इटालियन डिस्क काही गंगावेशीत दुधाबरोबर मिळत नाही.

"ऑरगॅनिक नाही का? जरा मऊ?" मी विचारलं.

मिसळीत कट कमी घाला म्हटल्यावर बघतात तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. "मऊ? का, गाडी म्हातारी हाय म्हणून?" काउंटरला टेकून चहा पिणारा एक तिसराच गृहस्थ, ज्याचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता, म्हणाला, "भावा, ब्रेक कडकच पायजे. पन्हाळ्याचा उतार बघितलायस न्हवं?" ब्रेक कडक लागावा म्हणूनच पॅड मऊ हवाय, हे वाक्य मी उच्चारलं. कोल्हापुरात ते कुठल्याही दुकानात उच्चारून बघा.

उद्यमनगरातला मेस्त्री जास्त शास्त्रीय निघाला. डिस्क बिडाचीच कशावरून, इथून त्यानं सुरुवात केली. फुटक्या स्पीकरचं चुंबक आणून डिस्कला लावलं, खाडकन चिकटलं. "बीड," तो म्हणाला. मग खात्रीसाठी तेच शेजारच्या पल्सरला लावलं, तर तिथंही चिकटलं. डिस्कला वापरतात ते स्टेनलेस चुंबकाला धरतं, घरातल्या बहुतेक ताट-वाट्यांसारखं नसतं. मेस्त्रीनं दोन्ही डिस्ककडं आळीपाळीनं बघितलं आणि जाहीर केलं, "मग ही बी बिडाचीच." पल्सरवाला तोवर आला होता. आपल्या गाडीला काहीतरी निघालं, एवढंच त्याच्या कानावर पडलं, आणि त्याची समजूत काढण्यात माझी दुपार गेली.

पलीकडच्या गाळ्यात एकानं जुन्या पॅडच्या पत्र्यांवर ट्रकच्या ब्रेकचं लायनिंग चिकटवून द्यायची तयारी दाखवली. "मरंस्तवर जायाचं न्हाई." कोण मरेस्तोवर, ते मी विचारलं नाही.

शेवटी ऑरगॅनिक पॅड मुंबईहून कुरिअरनं मागवले. नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात: पन्नासच्या वेगावरून वीसपर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, जरा निवू द्यायचं, पुन्हा तेच. मोकळ्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक मारणाऱ्या माणसाबद्दल मागच्या रिक्षावाल्याचं काय मत होतं, ते त्यानं शेजारून जाताना सविस्तर सांगितलं. ब्रेक मात्र सुरेख लागतात.

घरी आलो तर मामा पायरीवर व्हर्नियर घेऊन बसले होते. कागदावर पेन्सिलीनं व्यास, जाडी, भोकांची मापं, सगळं ड्रॉइंग तयार.

"एवढं पॅडसाठी फिरलासा," ते म्हणाले. "झिजंना का डिस्क. वतून देतो की! पॅटर्नवाला आपला हाय, शिरोलीत सांगून ठेवलंय. कडक पॅड घाला न्हाईतर लोखंडी घाला." मी आ वासून बघत होतो. "फकस्त तीन नगासाठी मोल्डिंगवाला साचा लावत न्हाई. चोवीस तरी काढाय लागतील."

मुलगा तरी बापाला आवरेल म्हणून मेव्हण्याला फोन लावला. सगळं ऐकून तो बराच वेळ गप्प होता.

"दाजी," तो म्हणाला, "तीन-तीननं आठ गाड्या हुत्यात. एक हाय. अजून सात बघाय पायजेत."