ऑस्लोत भेटलेली प्रभात फेरी

सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाआधी पोरांची रांग घेऊन गावातून फिरायचे. लेझीम पुढे, बारकी पोरं मधे, आणि 'एक रुपया चांदीचा, देश आमचा गांधीचा' ही घोषणा देताना सगळ्यांचे घसे बसलेले. बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या.

यंदा मे महिन्यात लेकीकडे नॉर्वेला होते. १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. तिसरीतला नातू आदल्या रात्री कागदी झेंडा उशाशी घेऊनच झोपला. सकाळी कार्ल योहान्स गाते या ऑस्लोच्या मुख्य रस्त्यावर उभी राहिले आणि पाहतच राहिले. शंभरहून जास्त शाळांची मुलं आपापल्या शाळेचं निशाण घेऊन, बँड वाजवत, 'हुर्रा' ओरडत राजवाड्याकडे चढत होती. सज्जात राजघराणं उभं राहून तासन् तास हात हलवत होतं. रणगाडे नाहीत, क्षेपणास्त्रं नाहीत. देशाच्या सगळ्यात मोठ्या दिवशी राजधानीचा मुख्य रस्ता पोरांचा! माझे डोळे भरून आले, कारण ही माझीच प्रभात फेरी होती.

ही प्रथा १८७० ची. त्यांचं राष्ट्रगीत लिहिणारे कवी ब्योर्नसन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली. आधी फक्त मुलगे चालायचे, मुलींना १८८९ मध्ये जागा मिळाली.

दोन दिवसांनी लेक मला आइड्सवोलला घेऊन गेली. ऑस्लोच्या उत्तरेला, आगगाडीने तासाभराच्या आतलं गाव. डेन्मार्कच्या राजाने युद्ध हरल्यावर नॉर्वे स्वीडनला देऊन टाकला, तेव्हा १८१४ च्या वसंतात ११२ माणसं इथल्या एका कारखानदाराच्या घरात जमली आणि सहा आठवड्यांत राज्यघटना लिहून मोकळी झाली. १७ मे ही त्या घटनेवर सह्या झाल्याची तारीख. म्हणजे आपल्या मनातल्या १५ ऑगस्टपेक्षा हा दिवस २६ जानेवारीच्या जवळचा. स्वीडनपासून ते वेगळे झाले ते थेट १९०५ मध्ये, पण उत्सव मात्र घटनेचाच ठेवला. त्या सभागृहातल्या पाठ नसलेल्या साध्या लाकडी बाकांसमोर मी बराच वेळ उभी होते.

त्याच घटनेत ज्यूंना देशात पाऊल ठेवायला बंदी होती. हे कलम काढावं म्हणून हेन्रिक वेर्गेलँड हा कवी झगडला. १८४५ मध्ये तो गेला, कलम निघालं १८५१ मध्ये. आजही १७ मेला ऑस्लोचा ज्यू समाज त्याच्या समाधीवर फुलं वाहतो. मला हे फार मोलाचं वाटलं. स्वतःच्याच घटनेत काय चुकलं होतं, त्याचीही आठवण उत्सवाच्याच दिवशी निघते.

ऑस्लोच्या खाडीकाठचं ड्रोबाक हे गावही पाहिलं. समोरच्या बेटावर ओस्कार्सबोर्ग किल्ला. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे इथून जर्मनांची ब्ल्यूशर ही युद्धनौका बुडवली गेली, म्हणून राजा आणि सरकारला राजधानीतून निसटायला वेळ मिळाला. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात गेला आणि पाच वर्षं १७ मे साजरा करायलाच बंदी होती. ८ मे १९४५ ला देश सुटला आणि नऊ दिवसांनी पोरं पुन्हा रस्त्यावर उतरली. त्या दिवशी चाललेल्या एखाद्या आजी यंदाही कडेला उभ्या असतील, असं सारखं मनात येत होतं.

माझ्या जुन्या शाळेची फेरी हल्ली मैदानातच एक चक्कर मारून संपते. रहदारी आहे, काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं सांगतात. काळजी खोटी नाही, पण ऑस्लोतही रहदारी आहेच की! ते त्या दिवशी गाड्या थांबवतात, पोरांना थांबवत नाहीत. गावाने आपली पोरं रस्त्यावरून चालताना बघायलाच हवीत. भाषणं ऐकून देश आपला वाटत नाही, त्या ओट्यांसमोरून घोषणा देत गेलं की वाटतो. माझ्या हाताखालून गेलेली, आता चाळिशीतली मुलं भेटली की फेरीच आठवतात. मी दिलेलं एकही भाषण त्यांना आठवत नाही.

काल मुख्याध्यापकांना फोन केला. म्हटलं, सर, १५ ऑगस्टला मी गावात आहे. फेरी वेशीपर्यंत जाऊ द्या, रांगेच्या शेवटी मी चालते. पालकांशी बोलतो म्हणाले.