शिवारातल्या शाळेला सरकारी पैसा का हवा: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सातारा-सांगलीकडच्या पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘शाळेतल्या मुलांना निसर्गात नेऊन शिकवायला जनतेचा पैसा कशाला? खेड्यातली पोरं रानातच वाढतात. अभ्यास बुडतो. काही झालं तर मास्तर अडकतात. आधी वर्गांची गळकी छपरं बघा. हौस असेल त्या पालकांनी खिशातून भरावं.’ यातला एकही मुद्दा टाकाऊ म्हणून सोडून द्यावा असा नाही, म्हणून एकेकाला उत्तर देतोय.

त्याआधी एक घोळ निस्तरू. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डिसेंबर-जानेवारीतली सहल आहे: एक-दोन मुक्काम, किल्ला, समुद्र, वॉटर पार्क. तिला सरकारी पैसा द्या असं आम्हीही म्हणत नाही. आमची मागणी आहे ती शिवारातल्या शाळेची, म्हणजे वर्षातले दहा अर्धे दिवस मुलांना बाहेर निसर्गात नेऊन शिकवण्याची. त्यातले आठ शाळेपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, पायी. फक्त दोन एसटीने. प्रत्येक फेरीला पुस्तकातला एक धडा जोडलेला आणि परतताना प्रत्येकाच्या वहीत स्वतः मोजलेला आकडा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेलेच आहेत. कागदावर दिवस आहेत, त्यांना पैसा आणि आखणी हवी.

‘खेड्यातली पोरं रानातच वाढतात’

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं आम्हाला फार मोलाचं वाटतं. गुरांमागे जाणारं माण-जतचं पोर मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं लांबून ओळखतं; कित्येकदा गुरुजींना ते जमत नाही. पण या माळावर मारवेल का आणि पलीकडे नुसती कुसळी का, हे नाव माहीत असल्याने कळत नाही. त्यासाठी मोजावं लागतं.

साधन अगदी साधं आहे. चार खुंट्या आणि चार मीटर सुतळी घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची. चराईबंदी असलेल्या भागात पाच चौकटी, मोकळ्या चराईत पाच. प्रत्येकीत गवताचे प्रकार किती, उघडी जमीन अंदाजे किती टक्के, एवढंच लिहायचं. हमखास चुकतं ते एका ठिकाणी: मुलं चौकट हिरव्यागार जागीच टाकतात आणि दोन्हीकडचे आकडे सारखे येतात. म्हणून 1 ते 30 आकड्यांच्या चिठ्ठ्या करायच्या, निघेल तितकी पावलं चालायचं, थांबलो तिथेच चौकट. नमुना म्हणजे काय, हे सातवीच्या मुलाला इथे जितकं स्वच्छ कळतं तितकं फळ्यावर कळत नाही. आणि नाव सांगायला गुराख्याचं पोर पुढे उभं करायचं. त्या दिवशी वर्गातला तज्ज्ञ तोच.

दुसरं असं की कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात ‘रान’ उरलंय कुठे? बांध नांगरात गेले, ओढ्याच्या काठापर्यंत ऊस आला. तिथल्या मुलाला जंगल कसं उभं राहतं ते बघायला सागरेश्वरला न्यावं लागतं. देवराष्ट्रेजवळचं हे अभयारण्य उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलंय, धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं आणि 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. एसटीच्या दोन फेऱ्यांपैकी एक तिथे खर्च करावी. साताऱ्याजवळच्या फुलांच्या कास पठारावर पहिली फेरी नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा, गर्दीही तेव्हाच, आणि चाळीस मुलांचे ऐंशी पाय त्या पठाराच्या पातळ मातीला जड पडतात. आधी गावच्या टेकडीवर बघायला शिकावं, मग कास.

‘अभ्यास बुडतो’

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन आहे. चार तासांचे दहा अर्धे दिवस म्हणजे 40 तास, शंभरात चार. तेही बुडत नाहीत, कारण त्या वेळात धडाच चालतो. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो.

नोव्हेंबरात ओढा घोट्याएवढा झाला की काठावर 10 मीटर अंतर मोजून दोन खुणा करायच्या. पाण्यात लिंबू सोडायचं आणि वेळ घ्यायची. पिंगपाँगचा चेंडू नको, तो वाऱ्याने पळतो. लिंबू बरंचसं बुडून तरंगतं. ते भोवऱ्यात किंवा मुळात अडकलं तर ती नोंद रद्द. किमान तीन वेळा सोडून सरासरी काढायची. समजा 25 सेकंद आले, तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून 0.85 ने गुणायचं: 0.34. ओढ्याची रुंदी 2 मीटर, काठीने पाच ठिकाणी मोजलेली सरासरी खोली 15 सेंटिमीटर. गुणाकार 0.102 घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर लिटर. दशांश, सरासरी, एककं, घनफळ, चार धडे एका ओढ्यात. फेब्रुवारीत तेच पुन्हा केलं की गावचं पाणी कुठे चाललंय हे मुलांच्या वहीतच दिसतं.

पावसाचंही तसंच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर वर्षात 500 मिलिमीटर पडला तर पन्नास हजार लिटर. दुष्काळी तालुक्यातल्या मुलाने हा हिशोब करून घरी सांगितला तर अभ्यास बुडाला असं कोण म्हणेल?

डोळ्यांचा मुद्दा मेसेजमध्ये नाही, पण इथे सांगायला हवा. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत लांबचं अंधुक दिसू लागलेल्या मुलांचं प्रमाण तिथे 30.4 टक्के राहिलं, इतर शाळांत 39.5 टक्के. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षातल्या दहा फेऱ्यांनी एवढा फरक पडणार नाही. पण मुलांना बाहेर काढण्याची सवय लागली की रोजचा तास झाडाखाली घेणं जड जात नाही.

‘काही झालं तर जबाबदार कोण?’

ही भीती खरी आहे, आणि ‘काळजी घेऊ’ एवढं म्हणून ती जात नाही. नियम ठरलेले हवेत. पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस, म्हणजे चाळीसला तीन. मुली असतील तर त्यात किमान एक बाई. मुलांच्या जोड्या. मोजणी चार वेळा: निघताना, पोचल्यावर, परत फिरताना, शाळेत आल्यावर. मोजणी मोठ्याने, मुलांनी आपापला क्रमांक उच्चारून. नजरेने मोजलं की चुकतं. आदल्या दिवशी एका शिक्षकाने जागा बघून यायचीच.

किल्ल्याच्या कड्यावर किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदलायची. अत्तर, धूर, दगड यांना सक्त मनाई. माशा उठल्याच तर डोकं झाकून सरळ लांब पळायचं, हात झाडत उभं राहायचं नाही. ऑक्टोबरात आणि वळवाच्या दिवसांत बाराच्या आत परत. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीसपेक्षा कमी आकडे मोजले गेले तर पक्क्या इमारतीत, झाडाखाली कधीच नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीच नको. हात किंवा पाय फळीला धरून स्थिर ठेवायचा, 108 ला फोन करायचा आणि जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवायचं. नदीत आणि कालव्यात पाऊलही नाही; वरून पाणी सोडलं की पातळी चढायला वेळ लागत नाही.

मुलं बाहेर नेली नाहीत म्हणून पाण्यापासून लांब राहतात, हा मात्र भ्रम आहे. ती सुट्टीत एकटी जातात. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवायचा. कुणी पडलं तर आपण उतरायचं नाही. दोर, हवा भरलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाती येईल ते फेकायचं आणि मोठ्याला हाक मारायची. हा पाठ शेततळ्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून वीस मिनिटांत होतो. सांगलीच्या मुलांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळीची पट्टी वाचता यायला हवी: 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं.

‘आधी गळकी छपरं’

छप्पर दुरुस्त व्हायलाच हवं, तो पैसा इकडे वळवा असं कुणी म्हणत नाही. रक्कम बघा. चाळीस मुलांच्या वर्गाचा वर्षाचा आमचा अंदाज: एसटीच्या दोन फेऱ्या 12,000; भिंगं, तापमापी, टेप, सुतळी, बरण्या 5,000; स्थानिक जाणकाराचं मानधन 2,000; प्रथमोपचार पेटी 1,500; किरकोळ 1,500. एकूण 22,000, म्हणजे मुलामागे 550 रुपये. एसटीचा दर अंतराप्रमाणे बदलेल. शैक्षणिक सहलीला असलेली 50 टक्के सवलत आगारात अर्ज करून घ्यावी. साहित्य तीन वर्षं टिकतं.

मेसेजवाल्यांनी न मांडलेली, पण खरी अडचण द्विशिक्षकी शाळेची आहे. एक शिक्षक बाहेर गेला तर मागे चार वर्ग एकट्यावर. यावर उपाय केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर आहे: तीन-चार शाळांनी एकाच दिवशी निघायचं आणि केंद्रप्रमुखांनी वेळापत्रक जूनमध्येच लावायचं.

‘हौस असेल त्यांनी भरावं’

मग ज्यांना परवडत नाही ती मुलं त्या दिवशी रिकाम्या वर्गात बसतात. आज सहलीच्या दिवशी तेच होतं. धडा पुस्तकातला असेल तर त्याला तिकीट लावता येत नाही. सहा ते चौदा वयाचं शिक्षण मोफत आहे. साताऱ्याला हे नव्याने सांगायला नको: कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये इथे काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एकत्र राहिली, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’मुळे पैशावाचून कुणाचं शिक्षण अडू नये अशी सोय झाली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 2016 मध्ये मतदारांनीच कौल देऊन पाचवी-सहावीच्या मुलांच्या निसर्गशाळेसाठी राज्य लॉटरीच्या उत्पन्नातला 4 टक्के वाटा, वर्षाला 2.2 कोटी डॉलरपर्यंत, राखून ठेवला. आपण लॉटरीतूनच घ्यावं असं नाही. घेण्यासारखी गोष्ट ही, की पैसा पालकाच्या खिशावर किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर सोडलेला नाही.

आपल्याकडे वाट शाळा व्यवस्थापन समितीतून जाते. शाळा विकास आराखडा ही समितीच करते, त्यात हा विषय स्वतंत्र बाब म्हणून घालावा. जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडलं जातं, म्हणून ठराव डिसेंबरच्या आत हवा. त्यात दहा फेऱ्यांचा महिना, जागा, अंतर, जोडलेला धडा आणि खर्च लिहावा. सोबत मुलांची संख्या आणि जबाबदार शिक्षकांची नावं. प्रत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा नियोजन समिती दोघांना. रक्कम शाळेच्या खात्यात जूनअखेर जमा व्हावी, हेही ठरावातच लिहा; ती मार्चअखेर आली तर ओढा आटलेला असतो, गवत वाळलेलं असतं आणि परीक्षा तोंडावर असते.