बाई, अर्धा मार्क द्या ना

सहामाहीचे गठ्ठे घरी आले की आमचं डायनिंग टेबल आठवडाभर दिसेनासं होतं, नवरा ताट मांडीवर घेऊन जेवतो आणि मी लाल पेन घेऊन बसते. लोकांना वाटतं पेपर तपासणं म्हणजे काय, बरोबरला टिक, चूकला फुली, टोटल मारा की झालं. अहो चूक उत्तरांचा मला काहीच त्रास नाही. चूक उत्तर गुणी असतं, फुली मारली की गप बसतं. छळतात ती उत्तरं, जी बरोबर नसतात पण चूक म्हणायला जीभ रेटत नाही.

आता हेच बघा. चौथीचा परिसर अभ्यास भाग 2, म्हणजे शिवाजी महाराज. प्रश्न होता, पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना 23 किल्ले का दिले? माझ्या नमुना उत्तरात मिर्झाराजे जयसिंग, दिलेरखान, पुरंदरचा वेढा, मुरारबाजी पडले, रयतेचे हाल, सगळं आलं की 2 मार्क. एका बहाद्दराने लिहिलंय, "कारण त्यांना 12 ठेवायचे होते."

घ्या! 1665 च्या त्या तहानंतर महाराजांकडे 12च किल्ले राहिले होते, म्हणजे पोराला धडा माहितीये, वजाबाकीही बरोबर आलीय, आणि खरं सांगू का, हातात काय राहतंय ते बघून तह करायचा हे राजकारण माझ्या अख्ख्या नमुना उत्तरात नाहीये, ते त्याच्या एका ओळीत आहे. दीड दिला. मग वाटलं अर्धा कशाचा कापला? खोडून दोन केले.

आग्र्याहून सुटकेवर एकीने आजारपणाचं सोंग, पेटारे, पहारेकरी सगळं नीट लिहिलं आणि खाली जोडलं, "महाराज बसले त्या पेटाऱ्यातली मिठाई कुठे गेली ते पुस्तकात दिलेले नाही." मी पण इतकी वर्षं शिकवतेय, मला कधी सुचलं नाही विचारायचं.

मराठीचा गठ्ठा तर विचारूच नका. 'हातावर तुरी देणे' वाक्यात उपयोग करा. "आजीने आईच्या हातावर तुरी दिल्या आणि निवडायला सांगितल्या." व्याकरण शुद्ध, शेवटी पूर्णविराम, जो अर्धा वर्ग देत नाही. 'तुमच्या शब्दांत लिहा' खाली "माझ्याकडे शब्द नाहीत."

पण यंदाचा मानकरी म्हणजे रजेचा अर्ज. प्रति, मा. मुख्याध्यापक, उजव्या कोपऱ्यात तारीख, मधोमध विषय, सगळं कसं जिथल्या तिथे, आणि मजकूर असा, "महोदय, मला येत्या शुक्रवारी आणि शनिवारी ताप येणार आहे. ताप रविवारी जाईल. तरी रजा मिळावी ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक, अ.ब.क." नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, आमच्या ऑफिसात पण ताप शुक्रवारीच येतो गं, फक्त एवढं सरळ कुणी लिहीत नाही.

मग पालकसभा. एक आई दोन्ही पेपर शेजारी ठेवून उभी, "बाई, आमच्या हिने पानभर लिहिलं तर दीड, आणि त्याला एका ओळीला दोन?" बाईंचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मी म्हटलं त्याचं गणित चांगलं आहे. त्या म्हणाल्या, पण हा इतिहासाचा पेपर आहे ना? मी पुढच्या पालकांना हाक मारली.

एवढं करून सुटका नाहीच. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यामुळे नुसते मार्क भरून चालत नाही, प्रत्येकाच्या नोंदी लिहायच्या, त्याही एकसारख्या नकोत. तुरीवालीच्या आवड-छंदात 'घरकामात मदत' टाकलं. अर्जवाल्याला बराच वेळ हातात धरून बसले, शेवटी विशेष प्रगतीत लिहिलं 'पत्रलेखन उत्तम', आणि सुधारणा आवश्यकच्या रकान्यात 'हजेरी'.