रूपक येणारं सॉफ्टवेअर पाहिजे

केकवॉक हे सॉफ्टवेअर दोनदा गेलं. पहिल्यांदा गेलं तेव्हा मला रीतसर दुःख झालं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा घरच्यांनी सांगितलं, आता पुरे.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी नोकरी सांभाळून घरच्या घरी अभंग, भावगीतं, क्वचित एखादी बंदिश रेकॉर्ड करतो. गाणारे आमच्या भजनी मंडळाचे, पेटी माझी, तबला बुवांचा आणि मधूनमधून येणारी कुकरची शिट्टी शेजारच्यांची. हे सगळं एकमेकांपासून वेगळं ठेवून नंतर जमेल तसं एकत्र करणं हे सॉफ्टवेअरचं काम. ते माझ्याकडे वर्षानुवर्षं केकवॉक करत आलं. १९८७ साली ग्रेग हेंडरशॉट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने डॉसवर चालणारा साधा मिडी प्रोग्रॅम (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कोणता सूर कधी वाजवायचा याची नोंद) म्हणून ते बाजारात आणलं. २००१ मध्ये त्याचं नाव बदलून ‘सोनार’ झालं. पुढे कंपनी रोलँड या वाद्यं बनवणाऱ्यांकडे गेली आणि २०१३ मध्ये गिब्सन या गिटारवाल्यांकडे. मालक बदलत गेले, पण कीबोर्डवरचा आर मी न बघता दाबला की रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. एवढं झालं की माणसाला आणखी काय लागतं?

२० नोव्हेंबर २०१७ ला गिब्सनने जाहीर केलं की केकवॉकचं पुढचं काम आम्ही थांबवत आहोत. जुनी माणसं म्हणाली, आम्हाला माहीतच होतं. गिब्सनने १९९८ मध्ये ऑपकोड ही संगीत-सॉफ्टवेअरची नावाजलेली कंपनी घेतली होती आणि पुढच्याच वर्षी तिच्या सॉफ्टवेअरचं काम थांबलं होतं. आपल्याकडे ‘माहीतच होतं’ म्हणणारी माणसं घटना घडून गेल्यावरच का भेटतात, हा वेगळा विषय आहे.

मी सुतकात असतानाच फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने केकवॉक विकत घेतलं आणि एप्रिलमध्ये ते जगाला फुकट वाटून टाकलं. ज्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते त्यांना काय वाटलं असेल ते मी सांगत नाही, कारण मी त्यांच्यातलाच आहे. पण मेलेलं माणूस परत आलं की मागचा हिशोब कोणी काढत नाही. फुकट तर फुकट, म्हणून मी पुन्हा रुळलो. मग २०२५ मध्ये त्या फुकट आवृत्तीलाही निरोप देण्यात आला आणि तिच्या जागी नवं सोनार आलं. त्याचीही फुकट आवृत्ती आहे आणि जुन्या फायली त्यात उघडतात.

“मग तेच घे की,” बायको म्हणाली.

अत्यंत शहाणपणाचा सल्ला होता. घरात शहाणपणाचा सल्ला मिळाला की तो तत्क्षणी का नाकारावासा वाटतो हे मला आजवर कळलेलं नाही. “दोनदा झालं,” मी म्हणालो. “तिसऱ्यांदा मला जमणार नाही.” हे वाक्य मी इतक्या गंभीरपणे म्हणालो की आतून सासूबाई बाहेर आल्या आणि कोण गेलं म्हणून विचारू लागल्या.

तर शोध सुरू झाला. सॉफ्टवेअर शोधायला लागलो की आपल्या ओळखीत किती संगीतकार आहेत ते कळतं. एरवी मंडळाच्या कार्यक्रमाला माइक धरायला माणूस मिळत नाही. माझा एक मित्र स्टुडिओ चालवतो. तो कोणतं सॉफ्टवेअर वापरतो ते लिहीत नाही, कारण तो हे वाचणार आहे. त्याचं म्हणणं, बाकी सगळी खेळणी आहेत. त्याचं सॉफ्टवेअर यूएसबीच्या डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायच्या छोट्या किल्लीवर चालतं. डोंगल लावला नाही तर ते उघडतच नाही. तो डोंगल त्याने स्कूटरच्या किल्लीला अडकवलेला आहे, म्हणजे स्कूटरवर असतो तेव्हा रेकॉर्डिंग बंद आणि रेकॉर्डिंग चालू असताना स्कूटर बंद. “शिस्त लागते,” तो म्हणतो.

भाच्याचं मत पडलं एफएल स्टुडिओला. तो गणपतीच्या दिवसांत मित्रांसाठी रिमिक्स करतो आणि ते ऐकून आमच्या इमारतीच्या काचा ताल धरतात. “मामा, एकदा घेतलं की आयुष्यभर अपडेट फुकट,” तो म्हणाला. हे खरं आहे. बेल्जियमची ती कंपनी हा शब्द वर्षानुवर्षं पाळते आहे आणि त्याबद्दल तिला माझा नमस्कार. पण त्याने ते उघडून दाखवलं आणि पडद्यावर चौकोनी दिव्यांच्या रांगा लागल्या. तो चार-चार दिवे सोडून टिचक्या मारत गेला आणि पाच मिनिटांत गाणं झालं. मी विचारलं, “यात माणसाने गायचं कुठे?” तो म्हणाला, “माणूस लागतोच असं नाही.”

तिसऱ्या एका ओळखीच्याने हळू आवाजात सांगितलं की सगळीच सॉफ्टवेअर त्याच्याकडे आहेत, पेन ड्राइव्ह आणून दे. सॉफ्टवेअर फुकट चालावं म्हणून त्याचं कुलूप तोडणाऱ्या, म्हणजे क्रॅक करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जे भोंग्यासारखं संगीत वाजतं ते त्याने मला फोनवर ऐकवलं. चाल चांगली होती, हे मान्य करतो. पेन ड्राइव्ह मात्र नेला नाही.

खरी परीक्षा घेतली ती बुवांनी. बुवा साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, त्यामुळे त्यांचं मत निःपक्ष होतं. मी एकेक डेमो उतरवून घ्यायचो, ते कानाला हेडफोन लावून क्लिक ऐकायचे. क्लिक म्हणजे लय चुकू नये म्हणून सॉफ्टवेअर देतं ती टकटक. या टकटकीला सात मात्रा सांगितल्या की ती पहिल्या मात्रेवर जोरात ‘टिंग’ करते आणि पुढच्या सहा ‘टक’ करून सोडते. आमचा अभंग रूपक या सात मात्रांच्या तालात होता. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ या बिनजोराच्या जागी असते, ‘तिं तिं ना’, तिथे डग्गा गप्प असतो. जोर यायचा तर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. नेमक्या गप्प बसायच्या जागी घंटा वाजल्यावर बुवांनी हेडफोन काढला आणि विचारलं, “हा कुणाकडे शिकलाय?”

मी कंपनीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “घराणं विचारतोय.”

मग विलंबित, म्हणजे संथ लय. अतिविलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार, पाच-पाच सेकंदांची होते. म्हणजे मिनिटाला पंधरा मात्रा, कधी बाराच. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये मी पंधरा टाकले, त्याने वीस केले. पुन्हा टाकले, पुन्हा वीस. वीसच्या खाली ते उतरतच नाही. वर मात्र ९९९ पर्यंत जातं. दोष त्यांचा नाही. बर्लिनमध्ये नाचणाऱ्या लोकांसाठी वाद्य बनवायला बसलेल्या माणसांसमोर अमीर खाँसाहेबांचा संथ झूमरा ताल असेल अशी अपेक्षा मी कशी करणार? मार्गही सोपा आहे: लय चौपट सांगायची आणि चार टकटकींची एक मात्रा मोजायची, तबलजी मनात तेच करतो. पण साठचा आकडा बघून बुवा उठले. “साठला आम्ही तराणा म्हणतो,” म्हणाले. तराणा म्हणजे जलद गायचा प्रकार; हे संगीताच्या दृष्टीने बरोबर नाही, पण ते चप्पल घालत होते.

या सगळ्यात एक गोष्ट कोणीच सांगत नाही ती म्हणजे बफर, आवाज थोडा थोडा साठवून पुढे सोडणारी कॉम्प्युटरमधली टाकी. प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो पहिल्यापासून लावावा लागतो. १०२४ वर ठेवला तर आवाज नुसता त्या बफरमध्येच सुमारे २३ मिलिसेकंद अडकतो, वर यायचा-जायचा वेळ वेगळा. आकडा लहान वाटतो, पण आपलाच सा आपल्या मागून चालत येऊ लागला की गाणारा दचकतो. १२८ वर आणला तर उशीर तीन मिलिसेकंदांवर येतो, मात्र माझा जुना कॉम्प्युटर तळणीत पाणी पडल्यासारखा तडतडतो. केकवॉकमध्ये यातली मधली जागा मला सापडलेली होती. ती कुठे लिहून ठेवली नव्हती, कारण घरातला दिव्याचा खटका कुठे आहे हे कोणी लिहून ठेवत नाही.

जुन्या फायली हा आणखी एक अध्याय. एका सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दुसऱ्यात सहसा उघडत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे जुनं चालू आहे तोवर प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवायचा. तसं काढताना मला माझीच नावं वाचावी लागली: ‘पेटी घे’, ‘पेटी नको’, ‘पेटी नको पण ठेव’, ‘मावशी खोकल्या’, ‘बुवा बरोबर मी चूक’. एका ट्रॅकचं नाव नुसतं ‘शेवटचं’ होतं आणि त्यात केवळ कुकर होता.

शेवटी रीपरवर येऊन थांबलो. जस्टिन फ्रँकल या माणसाचं ते. ज्यांनी एकेकाळी एमपीथ्री ऐकल्या ते त्याला नावाने नाही तरी विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने ओळखतात, तेही त्याचंच. साठ दिवस रीपर फुकट वापरून बघा म्हणतात. साठ झाले की बंद पडत नाही, फक्त उघडताना किती दिवस झाले ते ओळखीच्या किराणावाल्यासारखं आठवण करून देतं आणि माल देतं. घरगुती लायसन साठ डॉलर. ती आठवण मला सहन होईना, मी पैसे भरून टाकले.

पण निवडलं ते त्यासाठी नाही. त्यातल्या क्लिकचा जोर कुठल्या मात्रेवर यावा ते आपल्याला ठरवता येतं. ए म्हणजे जोर, बी म्हणजे साधी. मी लिहिलं बी-बी-बी-ए-बी-ए-बी, आणि हेडफोनमध्ये रूपक आला! चौथीवर जोर, सहावीवर जोर, समेवर नुसती साधी टक. मी बुवांना फोन करून बोलावलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, “आता बरोबर आहे. बंद करा.”

“बंद?”

“मी वाजवणार आहे ना? मग हा कशाला?”

अभंग क्लिकशिवाय रेकॉर्ड झाला. आषाढी तोवर होऊन गेली होती. मंडळाच्या अध्यक्ष मावशींनी तालमीत मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग सगळीकडे पाठवूनही झालं होतं. कोणाची तक्रार नव्हती.

रीपरचा एक गुण म्हणा, अवगुण म्हणा, त्यातलं जवळजवळ सगळं बदलता येतं. शॉर्टकट बदलता येतात, रंग बदलतात, बटणांच्या जागा बदलतात. मी रात्री बसून एकेक गोष्ट माझ्या सवयीची करत गेलो. आर दाबला की रेकॉर्ड, डाव्या बाजूला ट्रॅकची पट्टी, तसाच गडद करडा रंग. एकदा भाचा मागे येऊन उभा राहिला. “मामा, हे तर केकवॉक आहे. तू सोडलंस ना?” मी त्याला वरच्या कोपऱ्यातलं नाव दाखवलं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मामीला हाक मारत आत गेला.

परवा स्टुडिओवाला मित्र आला. स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली, डोंगलसकट. त्या डोंगलची सेवाच कंपनीने बंद केली आहे. आहे तोवर चालेल, हरवला किंवा बिघडला तर बदली मिळणार नाही. आता तो किल्ली खिशात ठेवत नाही, हातात धरून फिरतो.

“तू काय घेतलंस रे शेवटी?” त्याने विचारलं.

मी खुर्ची पुढे ओढली. “बाकी सगळी खेळणी आहेत,” मी सुरुवात केली. आतून बायकोने विचारलं, चहा किती जणांचा. म्हटलं, दोघांचाच, पण दोनदा टाक.