पाहुणीला पहाटे ससून डॉकवर नेलं, त्याबद्दल

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर शब्द आणखी कडक गेले असते, म्हणून सकाळपर्यंत थांबले. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हिएतनामहून आलेल्या माझ्या मैत्रिणीला मी मुंबई कशी दाखवली, ते त्यात लिहिलं होतं. पहाटे ससून डॉक, म्हणजे कुलाब्यातली मासळी उतरवायची गोदी, तिथून दादरची फुलांची मंडई, नंतर कान्हेरीची लेणी आणि शेवटी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस. त्यावर तुम्ही लिहिलंत, “आपल्या कष्टकरी बायकांना परदेशी पाहुण्यांपुढे पिंजऱ्यातल्या प्राण्यांसारखं उभं करणं तुमच्यासारख्या सुखवस्तू लोकांनाच सुचतं. त्यांची परवानगी तरी घेतलीत का?” पुढे घाण आणि वासाबद्दल लिहिलंत. गेटवे आणि घारापुरी का नाही दाखवलं, असंही विचारलंत. आणि पावसाळ्यात डॉक ओस पडतो हे मी सांगितलं नाही, याकडे बोट दाखवलंत.

तो शेवटचा मुद्दा रास्त आहे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात पाहुणा आला तर डॉकवर नेऊन उपयोग नाही. ही ओळ लेखात घातली आहे.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे वळते.

“तुमच्यासारख्या सुखवस्तू लोकांनाच” हे तुम्ही कशावरून लिहिलंत? माझ्याबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे? मी कोळीवाड्यात वाढले. माझी आई मासळी विकायची. पहाटे डॉकवर जाऊन लिलावात माल घ्यायचा, बर्फ घालून पाट्या भरायच्या, लोकलच्या मालडब्यातून उपनगरात न्यायच्या आणि दुपारपर्यंत दारोदार हिंडायचं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर हिंडलेसुद्धा आहे. फलाटावर नाकाला रुमाल लावून लांब सरकणारी माणसं मला आजही आठवतात. आपल्या बायकांकडे कोण कसं बघतं, हे मला कुणी शिकवायला नको. निदान नाव न लिहिता प्रतिक्रिया टाकणाऱ्यानं तरी नको.

आणि त्या बायका “उभ्या केलेल्या” नसतात हो. तुम्ही कधी पहाटे पाच वाजता तिथे गेलायत का? खरंच विचारते. बोट धक्क्याला लागली की टोपल्या वर येतात, म्हावरं जमिनीवर ओतलं जातं आणि लिलाव सुरू होतो. घेणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. एक नजर टाकून त्या सांगतात, हा पापलेट आजचा आहे की बर्फातला. दर पटला नाही तर पाठ फिरवतात, आणि मग दलाल मागून हाका मारत येतो. एका बाजूला कोळंबी सोलणाऱ्या बसलेल्या असतात, त्यांचे हात बघता बघता ढीग संपवतात. त्या गर्दीत पाहुण्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. मध्ये उभं राहिलं तर “ए, बाजू हो!” एवढंच ऐकू येतं, मग तो परदेशी असो नाहीतर तुम्ही-आम्ही. तिथे अवघडून जातो तो पाहुणा. बायका आपल्या जागी, आपल्या धंद्यात असतात.

परवानगीचं म्हणाल, तर तिथल्या बऱ्याच जणी आईला ओळखतात. मी गेले की आधी तिची चौकशी होते. माझ्यापुरता तो प्रश्न तिथे मिटला.

मैत्रिणीला मी आधीच सांगितलं होतं, मोबाइल बॅगेत ठेव, बूट पाण्यात खराब झाले तरी चालतील असेच घाल, आणि काहीतरी विकत घे. तिनं डॉकवरच्या एका मावशींकडून मांदेलीचा वाटा घेतला आणि घासाघीसही केली, भाषेवाचून, बोटांनी. मावशींनी वर मूठभर मांदेली टाकली आणि मला म्हणाल्या, “हिला पुढच्या वेळी बोंबील खायला घेऊन ये.” यात पिंजरा कुठे दिसला तुम्हाला? मला तरी दोन बायका सौदा करताना दिसल्या.

ससून डॉक 1875 मध्ये बांधला गेला. कापसाच्या व्यापारावर हे शहर श्रीमंत होत होतं त्या काळातली ती गोदी आहे, आणि आजही ती वापरात आहे. 2017 साली तिथे कलाप्रदर्शन भरलं तेव्हा निम्मी दक्षिण मुंबई ते बघायला लोटली होती. तेव्हा वास आडवा आला नाही कुणाच्या. भिंतीवर कलाकृती असली की डॉक बघण्यासारखा, आणि भिंतीखाली बसून कोळंबी सोलणारी बाई बघितली की तिचा अपमान, हे कसं काय? तिचं काम लपवण्यासारखं आहे असं तुम्हालाच वाटतंय. मला वाटत नाही. माझ्या आईच्या कामाची मला लाज वाटली असती, तर पाहुण्यांना मीही थेट गेटवेला नेलं असतं.

एवढ्या आवेशानं लिहिण्याची गरज नव्हती, असं तुम्ही म्हणाल. पण सुरुवात तुम्ही केलीत. “मला हे पटलं नाही, कारण अमुक” असं लिहिलं असतंत, तर मीही दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते.

घाण आहे, मान्य. मासळीचा बाजार आहे तो. गेटवे तिला दाखवला. तो कुलाब्यातच आहे, डॉकवरून परतताना चहा पिऊन आम्ही तिथे गेलो. लेखात लिहिला नाही, कारण तो कुणीही दाखवतो.

घारापुरीऐवजी कान्हेरी का, याचं उत्तर मात्र देते, कारण तो प्रश्न चांगला आहे. घारापुरीचं शिल्प थोर आहे, पण कान्हेरीला माणसं राहत होती ते दिसतं. शंभराहून जास्त लेणी आहेत, त्यांतल्या कित्येकांत दगडी ओटे, आणि दाराशी पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. पावसाचं पाणी डोंगरावरून खोदलेल्या पन्हळींतून त्या पोढींत उतरतं. मैत्रीण सगळ्यात जास्त वेळ तिथेच रमली. शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. म्हणजे हे बंदरांचं आणि सौद्यांचं गाव फार जुनं आहे, हे तिला डॉक बघितल्यावर न सांगताच कळलं. म्हणून आधी डॉक आणि मग कान्हेरी. तुम्हीही कुणाला नेणार असाल तर याच क्रमानं न्या, आणि सोमवारी जाऊ नका, कान्हेरी ज्यात आहे ते बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान त्या दिवशी बंद असतं.