औशाहून निघालेला वाय

काकांच्या आडत दुकानाचा सगळा हिशोब फॉक्सप्रोत आहे. म्हणजे हिशोबाच्या नोंदी ठेवणारं जुनं सॉफ्टवेअर. विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारं फॉक्सप्रो 2.6, 1994 सालचं. प्रोग्राम लिहून देणारा केव्हाच प्लॉटिंगच्या धंद्यात गेला. प्रोग्राम मात्र लातूरच्या मोंढ्यात अजून जागेवर आहे. निळा पडदा, पांढरी अक्षरं, एफ टेन दाबलं की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं बिल, सेव्ह. त्याचं कधी काही बिघडत नाही, हीच खरी अडचण. बिघडलं असतं तर बदलता तरी आलं असतं.

गुडघे धरले तसे काका औशाजवळच्या गावी राहायला गेले. सोयाबीनचा हंगाम लागला आणि मला हुकूम सुटला, "पट्ट्या मला हितूनच करता आल्या पाह्यजेत."

आधी रिमोट डेस्कटॉप लावलं. त्यात दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्याचं चित्र गावी येतं. आता डॉसचा पडदा म्हणजे 80 रकाने, 25 ओळी. गच्च भरला तरी 2000 अक्षरं. तेवढ्यासाठी ठिपक्याठिपक्यांचं चित्र गावच्या नेटवरून ओढायचं, तेही गच्चीवर टाकीच्या कडेला बसून, लाइट असेतोवर. शेतकऱ्याचं नाव उमटेपर्यंत काकांचा चहा निवायचा.

मग मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, त्यावर डॉसचे प्रोग्राम चालवणारं डॉसएमू, आणि एसएसएचनं, म्हणजे लांबून नुसत्या अक्षरांत काम करायच्या सोयीनं, जोडून दिलं. आता नुसती अक्षरं जाणार! पण यात बाणाची कळ एकटी जात नाही. आधी एस्केप निघतं, मागून चौकटी कंस आणि एक इंग्रजी अक्षर, खालच्या बाणाला बी. नेट अडखळलं की एस्केप पुढे पोचतं, बाकीचे दोघं वाटेत. प्रोग्रामला वाटतं, मालकांनी एस्केप दाबलं. तो अर्धी पट्टी टाकून मेनूवर जातो. तेवढ्यात मागे राहिलेलं ते बी अक्षर येऊन धडकतं, आणि मेनूत बी म्हणजे बॅकअप. खाली जायला बाण दाबला, तर प्रोग्राम म्हणतो फ्लॉपी टाका.

"म्या फ्लॉपीचं नावबी घेतलं नाही," काका फोनवर ओरडले.

खरा घोळ सेव्हच्या प्रश्नावर झाला. काकांनी वाय दाबला, येसचा वाय. पडदा ढिम्म. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं निघालेलं पाणी लातूरला पोचलं, पण औशाहून निघालेला वाय मोंढ्यात पोचेना. काकांनी परत दाबला. परत. डॉस निदान सरळ माणूस, त्याच्या रांगेत 15 कळा मावतात, पुढची दाबली की बीप करून सांगतो. नेटला अशी लाज नाही, ते सगळं पोटात घेतं. नेट सुटलं तसे सगळे वाय एकदम उतरले. सेव्ह? वाय. प्रिंट? वाय. आणखी प्रत? वाय, वाय, वाय.

मुनीमजींचा मला फोन आला. मागे डॉट मॅट्रिक्सची करकर. "दादा, मालक तिकडून काय करायलेत? एकाच पट्टीच्या कॉप्या निघायल्यात, कागद संपायलाय."

मी ब्राउझरमध्ये चालणारं नवं सॉफ्टवेअर दाखवून पाहिलं. काकांनी एकच विचारलं, "एफ टेननं सेव्ह होतं का?" होत नव्हतं. विषय संपला.

आता काका साध्या फोनवरून पट्ट्या करतात. पडदा समोर नसतो, गरजही नाही. "आता तोलाई इल, एंटर मार. हमाली, एंटर." मुनीमजी मारतात.

परवा तिकडून आवाज आला, "मालक, सेव्ह करू का विचारायलंय."

"वाय दाब," काका म्हणाले. "एकदाच."