भांडायला तरी पुरावा पाहिजे

दिवाळी जवळ आली की आमच्या गावच्या ग्रुपवर दरवर्षी एकच वाद पेटतो. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीकडे. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या रात्री वडशाची (गडचिरोली जिल्हा) कोणती नाटक कंपनी आणायची, यावरून दोन तट पडतात. काकाजी मंडळी म्हणतात, झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचं खरं नाटक गेलं, आता नुसता नाच राहिला. पोरं म्हणतात, "खरं नाटक कसं रायते, ते आमाले दाखवा न!" तिथं वाद खुंटतो, कारण दाखवायला काहीच नाही.

हे सगळं मी ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये बसून वाचतो. असाच वाद इथं 'डॉक्टर हू'वरून चालतो. बीबीसीची ही विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये याच शहरातून पुन्हा उभी राहिली. फोन-बूथसारख्या निळ्या पोलीस-पेटीत बसून काळातून हिंडणारा डॉक्टर मरायला टेकला की नव्या चेहऱ्याने उठतो. नट बदलतो, भूमिका चालूच राहते. आणि प्रत्येक बदलाला चाहते कडाकडा भांडतात. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर ही पहिली बाई डॉक्टर म्हणून जाहीर झाली, तेव्हा आमच्या ऑफिसातले दोन जुने दोस्त कित्येक दिवस एका टेबलावर जेवले नाहीत. पण भांडताना ते एकमेकांना भाग लावून दाखवत. हा सीन बघ, मग बोल.

त्यांच्याकडेही सगळं शाबूत नाही. टेप महाग, त्यामुळे बीबीसीने साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसून टाकले. विल्यम हार्टनेल जाऊन पॅट्रिक ट्रॉटन आला, तो पहिला बदल झाला तो १९६६ चा भागच आज नाही. बदलाचा तेवढा तुकडा वाचला, कारण तो लहान मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात दाखवला होता. पण आवाज मात्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आहे. तो जपला घरोघरच्या प्रेक्षकांनी, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर मांडून. चित्रं परदेशातल्या केंद्रांवरून परत मिळत गेली. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले.

माझे मामाजी स्त्रीपार्ट करत. त्यांची नाटकाची वही मी पाहिली आहे. जांभळी शाई, समासात लाल पेन्सिलीने खुणा: ऑर्गन कुठं उचलायचा, कोणतं पद दोनदा घ्यायचं. एका पानावर कुंकवाचा डाग होता. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा कवेलूंसोबत ती वही ठेवलेली पेटीही गेली. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. वहीचं काय झालं, हे मी फोनवर विचारलंसुद्धा नाही. ते मला आजही लागतं.

मी नाचाच्या विरोधात नाही. त्या एका हंगामावर नट, वादक, मंडपवाले यांची घरं चालतात, आणि तिकीट काढणारा मागेल ते कंपनीला द्यावंच लागतं. काकाजींचं दुःखही खरं आहे. पण २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला आणि त्यांच्या ऐन उमेदीतल्या नाटकाची दोन मिनिटं कोणालाच टाकता आली नाहीत. बीबीसीला निदान स्वतःचं कपाट होतं. आपल्याकडे कंपनी फुटते, नाव बदलते, वह्या कोणाच्या तरी घरी माळ्यावर राहतात. म्हणून हे काम पाहणाऱ्यांनीच अंगावर घ्यायला हवं. नाच असलेलं आजचं नाटकसुद्धा ठेवा. तीस वर्षांनी तेच 'जुनं' होणार आहे.

भाच्याला सांगून ठेवलंय: यंदा कंपनीच्या मालकाला आधी विचार, मग मोबाइल ऑर्गनच्या बाजूला ठेव. पहाटेपर्यंत बॅटरी पुरणार नाही म्हणतो. पॉवर बँक गावच्या पत्त्यावर मागवली आहे.